हरणाच्या पोटाखालचा सांधा

बदलापूरच्या त्या हरणाची घटना आजही मला जशीच्या तशी आठवते. म्हणूनच तिच्या ज्या निरनिराळ्या कहाण्या कानावर येतात, त्या मला मान्य नाहीत. कुणी म्हणतो, श्वानपथकाने माग काढला. माझ्याच एका सहकाऱ्याने निरोप समारंभात सांगितले की पट्टा दाखवताच कारागीर बोलता झाला. दोन्ही खोटे. तपास मी केला आणि पट्ट्याला हात लावला नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी बदलापूर ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एका निवृत्त कारखाना-व्यवस्थापकांच्या बागेतून ब्राँझचे हरीण चोरीस गेले. वासराएवढे, आतून पोकळ, ऊनपावसाने हिरवट काळे पडलेले. फाटकाची किल्ली माळ्याकडे असे, म्हणून फिर्यादीत संशयित म्हणून त्याचेच नाव. माळी जवळच्या गावचा शेतकरी. ठाण्यात आणल्यावर त्याने स्वतःचा बचाव केलाच नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, उद्या माझ्या पोरांना गाव चोराची पोरं म्हनल."

माझा त्याच्यावर विश्वास बसला, वरिष्ठांचा नाही. त्यांनी माळ्याला दोन दिवसांत अटक करण्यास बजावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खबऱ्याने, अंबरनाथ पश्चिमेच्या एका भंगारवाल्याने, बातमी आणली. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये शोभेच्या मूर्तींच्या एका दुकानापुढे गोणपाटात गुंडाळलेले हरीण टेम्पोतून उतरताना त्याने पाहिले होते. स्थानिक ठाण्यात नोंद करून, पंच घेऊन मी गेलो. हरीण होते, पण सोन्यासारखे लखलखीत. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, माल अपना है. मेरे कारीगर ने बनाया, पूछ लो उसको." हरणाच्या मालकांना ओळख पटवण्यासाठी आणले, तर त्यांनीही नकारार्थी मान हलवली. त्यांचे हरीण काळे होते. फिर्यादीच नाही म्हणतो, तेव्हा मुद्देमाल कसला? पंच घड्याळाकडे पाहू लागले.

दुकानातले हत्ती, मोर, कासवे मात्र मी उलटीपालटी करून पाहिली होती. एकावरही जोड दिसत नव्हता. दुकानदाराच्या त्या कारागिराला, म्हणजे ओताऱ्याला, आणि हरणाला मी ठाण्यात आणले.

ओतारी साठीचा, बोटांवर भाजल्याचे डाग. दुकानदाराने पढवून पाठवला होता. चहा पाजला, हरीण आडवे करवले आणि पोटाखाली, मागचा पाय जोडला होता तिथे बोट ठेवले. सांधा जाडाभरडा होता, त्यावर कानसही नीट फिरलेली नव्हती.

"हे तुमच्या हातचं?"

"हो."

"मग तुमच्या जबाबात लिहितो. सांधा ओबडधोबड, काम कच्चं, ओतारी म्हणून तुमचं नाव. सही करा."

त्याने पेन घेतले. सांध्यावरून अंगठा फिरवला. पेन खाली ठेवले.

"नाव नका घालू, साहेब. असला पाय मी शिकत होतो तवाबी जोडला नाय. मी फक्त ह्ये हरीण चिंचेनं घासून काळं काढलं आन् बफच्या चाकावर चकाकी आणली."

माणूस पोटासाठी खोटे बोलतो, पण दुसऱ्याच्या वाईट कामाखाली स्वतःचे नाव लिहू देत नाही. हे हेरणे म्हणजे तपास. तो पट्ट्याने होत नाही.

जबाब ऐकताच दुकानदार नरमला. विकणारा कोण ते त्याने सांगितले: मालकांच्याच घरी राहणारा त्यांचा भाचा. त्या संध्याकाळी मालक ठाण्यात आले. घरचीच गोष्ट आहे, मिटवून टाका, म्हणाले.

"सकाळपर्यंत ती माळ्याच्या घरची होती," मी म्हणालो.

गुन्हा मिटला नाही. पुढे यथावकाश भाच्याविरुद्ध दोषारोपपत्र न्यायालयात गेले.

मालक येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी माळ्याला जीपमध्ये पुढे, माझ्या शेजारी बसवून मी त्याच्या गावी गेलो. चावडीसमोर पोलीस पाटलाला चार माणसांदेखत सांगितले, की या माणसाविरुद्ध ठाण्यात काहीही नाही. माळी उतरेना.

"साहेब, जरा देवळापतूर चला. तिकडची आळी राहिली."

संशय घेणे हे पोलिसाचे कामच आहे. पण चुकीचा ठरलेला संशय दारोदार जाऊन परत घेणे हेही त्याचेच काम, हे मी त्या दिवशी शिकलो. मी सगळ्या आळ्या फिरलो.