पिशवीची घाई नाही

समोरच्याशी बोलता बोलता त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरायची, कापड हलकेच चोळून पाहायचं आणि म्हणायचं, "कापड चांगलं आहे. फाटलं की मला द्या." ही काकांची ओळख करून घ्यायची पद्धत. नाव, गाव, नोकरी हे सगळं नंतर. बायकांच्या साड्यांकडे ते अर्थातच लांबून बघत, पण बघत त्याच नजरेनं. आमची ही म्हणायची, यांच्यासमोर नवी साडी नेसून जायची भीती वाटते, पहिल्या दिवसापासून फाटायची वाट बघतात.

माझी बाही त्यांच्या चिमटीत सापडली ती इंदिरा नगरच्या भाजीबाजारात. केंद्र सरकारच्या एका खात्यात मी इंजिनिअर होतो आणि बदली होऊन लखनौला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. नव्वदच्या दशकातली पहिलीच वर्षं. तिकडे प्लॅस्टिकच्या पिशवीला पन्नी म्हणतात. आमची पन्नी फाटली आणि दोन किलो टोमॅटो रस्ताभर झाले. परमुलखात आपलं कुणाला कळत नाही या भरवशावर मी हिच्यावर मराठीतून खेकसलो. मागून आवाज आला, "बाईंना कशाला बोलता? पन्नीवर विश्वास तुम्ही ठेवलात."

उंच, वाळकुडे, साठीचे गृहस्थ. त्यांनी पॅन्टच्या खिशातून घडी केलेली कापडी पिशवी काढली, रिक्षांच्या चाकांमधून टोमॅटो वेचले, वर आपल्याजवळची कढीपत्त्याची जुडी ठेवली आणि पिशवी हिच्या हातात दिली. म्हणाले, "पिशवीची घाई नाही." मग माझी बाही धरली. लग्नातला शर्ट होता, निळ्या चौकड्यांचा. "हा मात्र लक्षात ठेवा," म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडून त्यांचा पत्ता काढून पिशवी परत द्यायला मी निघालोच होतो. हिनं अडवलं. ती पिशवी उलटीसुलटी करून बघत होती. तळाला दुहेरी कापड, कोपऱ्यांवर ठिगळासारखे तुकडे बसवलेले, बंद नवारीचे आणि चौकोनात फुली मारून टाचलेले, आत किल्लीपुरता खिसा. असली वस्तू कुणी उसनी देतं का, ही म्हणाली. त्यांनी भेट दिली आहे. परत नेलीत तर वाईट वाटेल. मलाही ते पटलं, कारण न जाणं नेहमीच लवकर पटतं.

पुढे ओळख वाढली. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. मूळचे कराडकडचे, उभा जन्म रेल्वेच्या कारखान्यात गेलेला. डब्यांच्या सीटांची कव्हरं आणि गाद्या शिवायचा जो विभाग असतो, तिथे ते सुपरवायझर होते. निवृत्त झाल्यावर इथेच घर बांधलं आणि वर्षभरात बायको गेली. शिवणयंत्र तिचं. पण ते जिवंतपणी तिच्या शिवणीत इतक्या चुका काढत की तिनं ते यंत्र बंद करून त्यावर रेडिओ ठेवला होता. ती गेल्यावर त्यांनी रेडिओ उतरवला. व्हरांड्यात यंत्र मांडलं आणि जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवायला घेतल्या. वेळ जावा म्हणून, असं ते सांगत. वेळ त्यांच्याकडे फार होता.

पिशवी झाली की तिच्यात पाच विटा भरून ती दाराच्या कडीला दिवसभर टांगायची. कुठे टाका ओढला गेला तर सगळी उसवायची. आम्ही हसायचो. बटाटे आणायच्या पिशवीला एवढी परीक्षा कशाला? ते शांतपणे सांगत, "माझ्या सीटवर सत्तर किलोचा माणूस चारबाग स्टेशनला बसला तर मुंबईला उतरेपर्यंत शिवण हलायची नाही. बटाट्यानं काय पाप केलंय?"

पिशव्या ते विकत नसत. वाटत, पण रिकामी पिशवी कधी कुणाला दिली नाही. अंगणात शेवगा होता, लिंबू होतं, कढीपत्त्याचं झाड होतं. जे असेल ते पिशवीत घालून स्वतः नेऊन द्यायचे. फाटकातच उभं राहायचं, घरात बोलावलं तरी जायचं नाही. आम्हाला म्हणत, "पिशवीची घाई नाही." शेजारच्या शुक्लाजींना म्हणत, "थैले की कोई जल्दी नहीं." शुक्लाजी दोन्ही हात जोडून म्हणत, बाबूजी, आपने क्यों तकलीफ़ की. गल्लीत त्यांचं नाव झोलेवाले बाबूजी पडलं. कुणाच्या सायकलला त्यांची पिशवी, कुणाच्या पूजेच्या फुलांना त्यांची पिशवी. आमच्या मुलीचा शाळेचा डबा त्यांच्याच पिशवीतून जायचा. बघता बघता आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे सात पिशव्या जमल्या. निळा चौकड्यांचा शर्टही एका पावसाळ्यात स्कूटरच्या कॅरियरला अडकून फाटला आणि ठरल्याप्रमाणे त्यांच्याकडे गेला.

काकांची मुलगी नाशिकला. दर रविवारी ते एसटीडी बूथवर जाऊन तिला फोन करायचे आणि दर रविवारी ती तिकडे चला म्हणायची. आम्हीही म्हणायचो. एकटं राहता, आजारबिजार पडलात तर? त्यावर त्यांचं एकच उत्तर. "माझ्या पिशव्या बाहेर आहेत. त्या आल्या की जाईन." आम्हाला तो विनोद वाटायचा. कारखान्यातली एक गोष्टही ते जोडून सांगत. तिथे हत्यार घेतलं की त्याच्या खिळ्यावर आपला पितळी बिल्ला अडकवायचा, हत्यार परत केलं की बिल्ला काढायचा. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या नावाचा एकही बिल्ला खिळ्यावर नव्हता, म्हणून पाचच्या ठोक्याला सोडलं. काही बाहेर असलं की माणसाला सोडत नाहीत, असं ते म्हणायचे आणि हसायचे. आम्हीही हसायचो. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता, अशी मी माझी समजूत घालतो.

मग एका हिवाळ्यात माझी आई मिरजेहून आली. पहिल्याच दिवशी दारामागच्या सात पिशव्या तिला दिसल्या. कुणाच्या म्हणून विचारलं. आम्ही कौतुकानं सगळी हकिकत सांगितली. कौतुक बाजूलाच राहिलं, तिचा चेहरा उतरला.

"लोकाची पिशवी घरात ठेवून घेता?" ती म्हणाली. "वस्तू घालून आलेली पिशवी परत जाते. आणि रिकामी जात नाही. एवढंही विसरलात?"

मी म्हटलं, अगं, ती भेट आहे. आई म्हणाली, भेट आहे असं त्यांनी सांगितलं? मग ते देताना काय म्हणतात, असं तिनं विचारलं. ही हळूच म्हणाली, "पिशवीची घाई नाही, म्हणतात." आणि म्हणता म्हणता तिचंच तिला उमगलं. घाई नाही म्हणजे कधीतरी या. चार वर्षं एक माणूस मराठीतून आम्हाला हे सांगत होता आणि आम्ही मराठी माणसं दारामागे पिशव्या टांगत होतो. शुक्लाजींना तरी काय बोलायचं? लखनौच्या माणसाला दिलेली भेट परत करणं हा देणाऱ्याचा अपमान वाटतो. काकांनी स्टीलचा डबा दिला असता तर तो चार दिवसांत परत आला असता. पिशव्या इतक्या चांगल्या शिवल्या होत्या की परत करावं असं कुणाला सुचलंच नाही.

संध्याकाळी आईनं एका पिशवीत गुळाचे शेंगदाण्याचे लाडू घातले आणि आम्ही तिघं गेलो. त्यांनी दार उघडलं. आईनं पिशवी पुढे केली. त्यांनी ती घेतली, वर उचलून तिचं वजन पाहिलं, आत काय आहे ते पाहिलं नाही. "आत या," म्हणाले. इतक्या वर्षांत आम्ही व्हरांड्याच्या आत कधी गेलो नव्हतो.

आतल्या भिंतीवर एक फळी होती आणि फळीला खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक खिळ्यावर पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा आणि त्यावर सुबक अक्षरात घर नंबर आणि नाव. शुक्ला. पांडे. इस्त्रीवाला. मास्टरसाहेब. चाळीसच्या वर असतील. आमच्या नंबराचे एकाखाली एक सात. त्यांनी त्यातला एक काढला, खिशात टाकला आणि मोकळ्या खिळ्यावर पिशवी अडकवली. लाडवांसकट. मग जरा मागे सरून बघत राहिले. मी हिच्याकडे बघितलं नाही.

आईनं त्यांना विचारलं, "भाऊ, दार वाजतं का कधी?"

"वाजतं की, वहिनी. पिशवी मागायला वाजतं."

मी म्हणालो, काका, उद्या गल्लीत सगळ्यांना सांगतो, लोकांना माहीतच नाही हो. त्यांनी लगेच हात वर केला. "सांगू नका. सांगून मागवलेली पिशवी म्हणजे स्टोअरातनं मागवल्यासारखं होतं." ते हसले, पण माझ्याकडून तसं वचन घेतल्याशिवाय त्यांनी आम्हाला उठू दिलं नाही. चहा त्यांनीच केला. आईशी कराडच्या, मिरजेच्या गप्पा मारत बसले. कुणाच्या घरून आलेल्या पिशवीच्या तळाशी मूठभर तांदूळ असायचे, कुणाकडून गुळाचा खडा यायचा, हे त्यांना लहानपणीचं सगळं आठवत होतं. रिकामी पिशवी परत आली तर त्यांची आई तिच्यात हात घालून पुन्हा एकदा चाचपून बघायची म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, उरलेल्या सहा पिशव्या दुसऱ्याच दिवशी नेऊन दिल्या असतील. आम्ही शहाणपणा केला. सगळ्या एकदम नकोत, दर महिन्याला एक नेऊ, म्हणजे तेवढ्या वेळा जाणं होईल. संक्रांतीला तिळगूळ घालून एक नेली. होळीला पुरणपोळ्या घालून दुसरी. दोन्ही वेळा त्यांनी पुठ्ठा काढला, चहा केला, आणि आम्ही निघताना फाटकापर्यंत आले. मग मुलीची परीक्षा आली, माझे दौरे सुरू झाले, आई परत गेली. चार पिशव्या दारामागे राहिल्या. घाई नाही, असं त्यांनीच तर म्हटलं होतं.

मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही तीन आठवडे सांगलीला गेलो. परत आलो तर काकांच्या घराला कुलूप. शुक्लाजींच्या पत्नीनं, शुक्लाइननी, सांगितलं, ते न्हाणीघरात पडले, मुलगी येऊन घेऊन गेली. चारबागला सोडायला शुक्लाजी गेले होते. "आपके लिए कुछ छोड़ गए हैं," म्हणाल्या आणि आतून एक पिशवी आणून दिली.

निळ्या चौकड्यांची. माझा शर्ट. खिशाची जागा जशीच्या तशी ठेवून आत किल्लीचा खिसा केला होता. तळाशी हाताला काहीतरी लागलं. दोऱ्यानं बांधलेले पुठ्ठ्याचे चार तुकडे, चारही आमच्या नंबराचे. काही बाहेर असलं की माणसाला सोडत नाहीत. मग त्यांनी स्वतःच ते उतरवले होते.

माझं वचन तिथे फाटकातच मोडलं. शुक्लाइनना मी सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि त्यांची पिशवी घेऊन आल्या. इस्त्री केलेली, कोरी. चार वर्षं लग्नातल्या साड्यांच्या ट्रंकेत ठेवली होती.

"इतना अच्छा काम है, भैया," त्या म्हणाल्या. "बरतकर ख़राब कैसे करते?"

त्या दिवाळीला नाशिकला जायचं आम्ही ठरवलं. चारही पिशव्या भरून नेणार होतो, शुक्लाइनही आपली भरून देणार होत्या. रजा मिळाली नाही. मग उन्हाळ्यात जाऊ म्हटलं. उन्हाळ्याच्या आत त्यांच्या मुलीचं कार्ड आलं. शेवटपर्यंत लखनौचं नाव काढत होते, एवढंच तिनं लिहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते अजून पुरतं गेलेलं नाही.

पुढे आमची पुण्याला बदली झाली. दारामागे पाच पिशव्या आहेत. चार त्यांनी परत आल्या म्हणून धरल्या, आणि पाचवी ही चौकड्यांची, तिच्या नावाचा पुठ्ठा त्यांनी कापलाच नाही. मी तीच घेऊन बाजारात जातो. घरी येऊन भाजी काढून घेतली की तळाशी काहीतरी राहू देतो, एखादं लिंबू, नाहीतर मूठभर शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी ही ते काढून घेते आणि पिशवी पुन्हा दारामागे अडकवते.