पऱ्हाटीतली बाई

कापसानं साऱ्या जिल्ह्याले रडवलं, त्या वर्षांतली गोष्ट. मी यवतमाळले कॉलेजात होतो. माह्या खोलीतला जोडीदार झरी जामणीकडचा. बाप सुरतेले कामाले, माय कापसाच्या वावरात एकटी, म्हणून हा शिक्षण सोडून घरी जायच्या गोष्टी करे. मले ते बिलकुल मंजूर नव्हतं. तो गेला असता तर त्या खोलीत मी येडा झालो असतो.

त्याले गुंतवून ठेवाले मी एक खेळ काढला. पुण्याच्या मावसभावानं शिकवलेला रोल-प्लेइंग गेम. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, अन् जमलं का फसलं ते फाशांवर. माह्या गोष्टीत एक गाव होतं, अन् ते जगवायचं होतं. पण मी मोठा अक्कलवान. दर रविवारी दुपारी गुहा, सोन्याची पेटी अन् तीन डोक्याचा राक्षस. बाजूच्या खोलीतले दोन पोट्टे खूश. हा मात्र तिसऱ्या रविवारी फासे खाली ठेवून म्हणे, "गाव उपाशी हाय ना तुह्यं? मंग आपण गुहेत काय करून राह्यलो?"

मले भल्ला राग आला. चार दिवस बोललो नाही त्याच्याशी. पण गोष्ट खरी होती, डोकशातून जाईना. खेळ गाव जगवायचा असन, तर अडचण बी गावातूनच निघाले पाह्यजे, अन् ती सोडवायची रीत बी तिथलीच.

पुढच्या रविवारी मी सांगितलं, पहिली वेचणी आहे. पऱ्हाटीत एक बाई उभी आहे, कोणाले कापसाले हात लावू देत नाही. एका पोट्ट्यानं लगेच तलवार काढली. सवयच तशी लावली होती मी. जोडीदार म्हणे, "थांब बे. सीतादही राह्यलं."

वेचणीच्या आधी पऱ्हाटीखाली दहीभात ठेवतात, ते सीतादही. लहानपणापासून पाहत आलो, अन् गोष्ट रचताना नेमकं तेच विसरलो. यानं मेसची रिकामी ताटली घेतली, वाकून फरशीवर ठेवली अन् हात जोडले. फासे कोणी उचललेच नाही. माह्याच गोष्टीत मी पहिल्यांदा पाय ठेवला होता.

"काय पाह्यजे तुले, बाई?" त्यानं विचारलं.

राक्षसाले असं कोणी विचारलंच नव्हतं. नियमांच्या झेरॉक्समध्ये उत्तर नव्हतं, मी बी काही ठरवलं नव्हतं. बाईच्या वतीनं माह्या तोंडून आपसूक गेलं, "मी एकटीनं किती वेचू?"

मी त्या क्षणानं असा भारावलो होतो, का काय बोलून गेलो ते मलेच उशिरा समजलं. त्याले तेव्हाच समजलं होतं. त्यानं ताटली उचलली, धुऊन ठेवली अन् कपडे बॅगेत भराले लागला.

बसस्टँडपर्यंत त्याची बॅग मीच नेली. राहा म्हणायची हिंमत झाली नाही. त्याच्या मायचं बोलावणं माह्याच तोंडून गेलं होतं.