हातानं लावलेली लेबलं

सर्व्हर रूममध्ये किस्से फार साठतात. कारण साधं आहे. अख्ख्या कॉलेजात चालू असलेले एसी दोनच, एक प्राचार्यांच्या केबिनमध्ये आणि एक आमच्याकडे. उन्हाळ्यात जो तो काहीतरी काम काढून येतो, अर्धा तास गार होतो आणि जाताना एक गोष्ट मागे ठेवून जातो.

मी अहमदपूरचा. नांदेडच्या एका कॉलेजात सर्व्हर सांभाळतो. नेमणूक अकरा महिन्यांची, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. असे चार ब्रेक झालेत. घरी स्थळ घेऊन येणारा प्रत्येक पाहुणा चहा यायच्या आधी विचारतो, "पोरगा पर्मनंट हाय का?"

*

पहिल्याच आठवड्यात वेबसाइटवरची एक फाइल उघडेना. मी काळ्या स्क्रीनवर कमांड मारून सगळ्यांना सगळे हक्क देऊन टाकले, सातशे सत्त्याहत्तर! तरी आपलं ‘फॉरबिडन’, म्हणजे प्रवेश बंद.

माझे साहेब म्हणजे कांबळे सर, नायगावचे. वैतागून त्यांना म्हणालो, "सर, आता काय आठशे देऊ का?"

सर हसले. आमच्या सर्व्हरवर प्रत्येक फाइलला हक्कांशिवाय सुरक्षेचं एक लेबलही असतं. वेबसाइट चालवणारा प्रोग्राम फक्त आपल्या लेबलच्या फाइलींना हात लावतो. "लग्नाचा मांडव समज. गेट उघडं हाय, पण आतला माणूस इचारणारच, नवरीकडचे का नवरदेवाकडचे?"

मग त्यांनी लेबल बदलायची कमांड मारली. तिला आम्ही ‘चकॉन’ म्हणतो. फाइल उघडली.

*

ऑफिसच्या कुलकर्णी मॅडम वेबसाइटवर नोटिसा टाकतात. त्यांची एकही नोटीस उघडायची नाही! त्या स्वतःच्या फोल्डरमधून फाइल कट करून आणायच्या, आणि कट केलेली फाइल जुनं लेबल घेऊनच येते. कॉपी केली तर नव्या जागेचं लेबल लागतं.

सर म्हणाले, "मॅडम, कट नका करू. ती माहेरचंच नाव लावून येती, मग सासरी कोण वळखणार तिला?"

मॅडमनी चष्मा खाली केला. "मी चोवीस वर्षं माहेरचंच नाव लावते, सर. सासरी मला ओळखत नाही असा एक माणूस दाखवा!"

तेव्हापासून त्यांच्या फाइलींची लेबलं सर स्वतः बदलून देतात.

*

आता माझा पराक्रम. एका फोल्डरची लेबलं बदलताना स्लॅशनंतर चुकून एक स्पेस पडली. नुसता स्लॅश म्हणजे अख्खा सर्व्हर, कमांडनं तोच धरला. पासवर्डच्या फाइली, लॉगिनच्या फाइली, सगळ्यांना वेबसाइटचं लेबल! कोणाला आतच जाता येईना.

सर धावत आले. "काय करून राहिलास रे शिंदे? सगळेच नवरदेवाकडचे केलास! आता वाढायचं कोणी?"

कुठल्या जागेला कुठलं लेबल, याच्या नियमांची यादी सर्व्हरमध्येच असते. तिच्याप्रमाणे सगळी लेबलं पुन्हा लावण्यात दुपार गेली. तोवर साइट बंद. प्राचार्यांनी बोलावलं. "शिंदे, हे लेबलाचं झंझट बंदच करून टाका."

मी लई घाबरलो होतो. बंद करणं एका ओळीचं काम, ती ओळ टाइपही केली. कांबळे सरांनी कीबोर्ड ओढून घेतला. "पोरांचे मार्क ह्याच मशीनवर हायत. कुलूप काढून देऊ का लोकांला?"

ते केबिनमध्ये जाऊन भांडून आले. ठरलं ते असं: सुरक्षा चालू राहील, पण पुन्हा एक पान अडलं की पुढच्या ब्रेकनंतर शिंदेनं घरीच राहायचं.

*

तीन दिवसांनी तपासणी समिती आली. त्यात लातूरच्या एक मॅडम, कॉम्प्युटरच्या प्राध्यापिका. प्राचार्यांनी मोठ्या स्क्रीनवर निकालाचं पान उघडलं. निकालाचे दिवस नव्हते, त्यामुळे मधे ते कोणी पाहिलंच नव्हतं.

फॉरबिडन!

प्राचार्य माझ्याकडे बघत होते, मी फरशीकडे.

लातूरच्या मॅडमनी कीबोर्ड मागितला, दोन कमांड मारल्या. "निकालाचं फोल्डर दुसऱ्याच डिस्कवर हाय. ह्याचं लेबल कोणी लावलं होतं?"

"मीच," कांबळे सर म्हणाले. "मागल्या वर्षी, चकॉननं."

"हातानं लावलं, पण नियमात लिहिलं न्हाई. सगळी लेबलं नव्यानं लागली तेव्हा हे पुसलं गेलं. हातानं लावलेलं टिकत नसतं, सर."

त्यांनी नियम लिहिला, लेबल लावलं, पान उघडलं. मग त्या प्राचार्यांकडे वळल्या. "बाकीचे लोक वैतागून ही सुरक्षा बंदच करून ठेवतात. तुमच्याकडं चालू हाय. कोणाचं काम हे?"

प्राचार्य क्षणभरही अडखळले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमचे शिंदे! मीच सांगून ठेवलंय, सुरक्षेला हात लावायचा न्हाई. ह्यांना आता पर्मनंटच समजा!"

समितीनं टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

कांबळे सर उठले. कॉलेजचं एक कोरं लेटरहेड प्राचार्यांपुढे सरकवलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"सर, हेबी नियमात लिहूनच टाका."