ऑगस्टातली कानटोपी

सकाळी ऑफिसात आल्या आल्या, पर्स खांद्यावरून उतरायच्या आत, काकू कॉम्प्युटरच्या पडद्यावर आडवी बोटं टेकवायच्या आणि जाहीर करायच्या, "चार बोटं चढला बरं का." दोहातल्या वेस्ट बेच्या आमच्या टॉवरबाहेर तेव्हा डांबर मऊ पडायच्या बेतात असायचं. काकूंचा बर्फ मात्र चार बोटं चढलेला असायचा.

हा बर्फ उत्तर ध्रुवाकडचा. तिकडे टुंड्रात, जिथे झाड म्हणून उगवत नाही, आमच्या कंपनीने फार पूर्वी एक पाइपलाइन उभी केली. तिचे पाय ज्या जमिनीत रोवलेत ती खाली बारमाही गोठलेली असते. ती वितळली तर पाइपलाइन खचली. म्हणून जमिनीत तापमापक पुरलेत आणि शेजारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक खांब उभा केलाय. कॅमेरा रोज त्याचा एक फोटो पाठवतो. किती पट्ट्या बुडाल्या ते बघायचं आणि बर्फाची नोंद करायची, हे काम वर्षानुवर्षं काकूंकडे होतं. नाशिकच्या या बाईंनी आयुष्यात पाहिलेला बर्फ म्हणजे उसाच्या रसातला.

ऑफिसात त्या मॅडम, माझ्या गाडीत काकू. ओल्ड एअरपोर्ट भागात आम्ही शेजारी राहायचो, तिथून एकत्र यायचो. लांबच्या नातेवाइकांच्या घरात काय शिजतंय ते बसल्या जागी सांगणारी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. काकूंचं त्या खांबाशी तसंच नातं होतं. एकदा फोटोत एक पांढरा कोल्हा खांबाला अंग घासताना दिसला. "हल मेल्या," काकू पडद्यावर ओरडल्या. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत कोल्हा नव्हता. "ऐकतो माझं," त्या शांतपणे म्हणाल्या.

एका वर्षी तिकडे हिवाळ्याच्या तोंडालाच भरपूर बर्फ पडला. मी आपलं अभिनंदन केलं.

"अभिनंदन कसलं? थंडी पडायच्या आधीच गोधडी पांघरली. आता जमीन निवणार कशी?"

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. माझ्या डब्यातली भरली वांगी मात्र संपली होती.

दर वर्षी कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला एक माणूस तिकडे जायचा. मला पाठवा, असं काकू दर वर्षी साहेबांना सांगायच्या आणि साहेब दर वर्षी "इन्शाल्ला, मॅडम" म्हणायचे. कतारात राहिलेल्या माणसाला इन्शाल्लाचे किती प्रकार असतात ते ठाऊक असतं. हा त्यातला नकाराचा. पण गेल्या वर्षी ऑक्टोबरात काकूंचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं, मग कायमचं नाशिक. आता नाही तर कधीच नाही. ऑगस्टात त्यांनी शेवटचं विचारलं.

"मॅडम, वहाँ की ठंड आपसे बरदाश्त नहीं होगी," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकू स्वेटर, मफलर आणि लोकरी कानटोपी घालून खाली उतरल्या. दोहातला ऑगस्ट, दमट, चष्म्यावर वाफ धरणारा. टॉवरच्या दारात सिक्युरिटीवाल्याने काळजीने विचारलं, "मॅडम, बुखार है क्या?"

"नहीं भैया, प्रॅक्टिस."

ही प्रॅक्टिस रोज चालली. माझ्या गाडीत एसी बंद. प्रॅक्टिस त्यांची, घाम माझा. मग एक दिवस बाहेरचे पाहुणे मीटिंगला आले आणि काकूंनी कानटोपीतच जमिनीच्या तापमानाचा आलेख समजावून सांगितला. पाहुण्यांनी साहेबांकडे आणि मग एसीकडे असं काही पाहिलं, की साहेबांचे कान लाल झाले. पाहुणे जाताच ते म्हणाले, "यल्ला मॅडम, जाइए. मगर ये टोपी उतारिए."

"खलास," म्हणून काकूंनी ती काढली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

ऑक्टोबरात त्या गेल्या. निघताना मला बजावून गेल्या, "मंगळवारचा फोटो बघ. खांबाजवळ उभी असेन." मंगळवारी अख्खं ऑफिस माझ्या खुर्चीमागे गोळा झालं, साहेबही आले. फोटो उघडला. खांब होता, भोवती कोरा बर्फ होता. काकू कुठेच नव्हत्या.

मी लगेच फोन लावला. बऱ्याच वेळाने तो लागला.

"अरे, आहे मी, ठणठणीत आहे," काकू म्हणाल्या. "गेले होते रे खांबाकडे. पण त्याच्याभोवती एकसुद्धा पाऊल उमटलेलं नव्हतं. मी उभी राहिले असते तर बर्फ दबला असता, नोंद बिघडली असती. मग कॅमेऱ्याच्या मागेच थांबले."

मला त्यांचा राग आला. एवढा हट्ट कशासाठी केला होता मग? पण तो त्यांना कळू नये म्हणून मी विचारलं, "बर्फाला हात तरी लावलात का?"

"लावला की. मागच्या बाजूचा मूठभर खाल्लासुद्धा. अगदीच बेचव आहे."

तिथून त्या परस्पर नाशिकला गेल्या. तो फोटो आम्ही मोठा करून भिंतीवर लावलाय. नवीन माणूस आला की थोडा वेळ त्याच्यापुढे उभा राहतो आणि विचारतो, यात आहे काय?

आम्ही सांगतो, आमच्या काकू.