ताइफमधलं चिनी लाटणं

रियाधमधली आपली मंडळी ताइफला जातात ती गुलाब बघायला, थंड हवा खायला आणि घाटातल्या माकडांना काचेआडून वेडावून दाखवायला. आम्ही गेलो ते एका लाटण्यापायी. हे कळल्यावर आमच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेची मला आता सवय झाली आहे.

सुरुवात मोदकांपासून झाली. माझा नवरा अवि इथल्या एका बँकेत आयटीत आहे. त्याच्या शेजारी युसूफ बसतो. युसूफ पक्का सौदी, जन्म ताइफचा, पण चेहरा चिनी. दारावर नवा गार्ड आला की तो हटकून युसूफकडे इकामा, म्हणजे परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना, मागतो आणि युसूफ न चिडता खिशातून सौदी ओळखपत्र काढून दाखवतो. त्याची आजी लहानपणी आईवडिलांबरोबर पश्चिम चीनमधून निघाली होती. हजसाठी म्हणून आलेली ही कुटुंबं, मागे देशात राज्य बदलल्यावर परत गेलीच नाहीत. ताइफची हवा मानवली, तिथेच राहिली.

तर संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी अविच्या डब्यात मोदक पाहून युसूफ म्हणाला, "या अशा कळ्या माझी आजी घालते." मग जेवता जेवता त्यानं घरची हकीकत सांगितली. त्याची धाकटी बहीण हिबा लग्न होऊन जेद्दाला जाणार होती. त्यानंतर जुनं घर सोडून सगळे नव्या व्हिलात जाणार. आजीचं म्हणणं एकच, की तिच्या आईच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू हिबानं सासरी न्याव्यात. हिबानं साफ नाही म्हटलं होतं. दुसरं कुणी नेणारं नव्हतं. आजी तेव्हापासून कुणाशी धड बोलत नव्हती.

"तुझ्या बायकोला घेऊन ये," युसूफ अविला म्हणाला. "आजीला बरं वाटेल. सोबतीला कुणी तरी कळ्या घालणारं येईल."

मी त्याच रात्री मोदकपात्र माळ्यावरून काढलं. आमची सई, वय वर्षं तेरा, म्हणाली, "आई, प्लीज. आपण ट्रिपला चाललोय, कॅटरिंगला नाही." मोदकपात्र घरीच राहिलं, पण बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा मी घेतलाच. सासूबाईंचं नाव कोरलेला डबा आहे तो. कुणाकडे रिकाम्या हातानं जायची आमच्या घरात पद्धत नाही.

गुरुवारी पहाटे निघालो. शनिवारची अविनं रजा टाकली होती, कारण इथल्या गुरुवार-शुक्रवारच्या आठवडी सुट्टीत हा प्रवास उरकायचा म्हणजे नुसतं गाडीत बसून परत यायचं. रियाध ते ताइफ आठेक तास लागतात. रस्ता उत्तम आणि सरळ, इतका सरळ की ड्रायव्हरशी कुणीतरी सतत बोलत राहावं लागतं. ते काम माझं. बायकांना इथे अजून गाडी चालवता येत नाही, पण कशी चालवावी हे सांगायला बंदी नाही. पेट्रोल पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त, त्यामुळे खर्चाची काळजी करू नका. बाथरूमची करा. मोठे पंप गाठा आणि अजान व्हायच्या आत चहा घ्या, नाहीतर शटर पडतं आणि नमाज होईपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं. आम्हाला एका पंपावर केरळचा चहावाला भेटला. त्यानं आम्ही मुंबईकडचे म्हटल्यावर आल्याचा चहा करून दिला आणि सईला लेकीसारखं विचारलं, "मोळे, म्हणजे पोरी, घर आवडतं की रियाध?" सई म्हणाली, "दोन्ही बोअर आहेत."

ताइफ जवळ आलं की डोंगर दिसू लागतात आणि गाडीच्या काचा आपोआप खाली होतात. फर्निश्ड फ्लॅट सहज मिळतात, पण सगळ्यांचे इकामे आणि लग्नाचा दाखला जवळ ठेवा. मोठ्या हॉटेलांपेक्षा खूपच स्वस्त पडतात आणि स्वयंपाकघर असतं. संध्याकाळी अल हदाच्या कड्यावर गेलो. खाली घाट वळत वळत मक्केच्या दिशेनं उतरतो. पुढे बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, पाट्या ठळक आहेत, आपण वरूनच बघायचं आणि वळायचं. एप्रिलचे दिवस होते. रस्त्याकडेला गुलाबांच्या टोपल्या मांडल्या होत्या. आपल्या देशी गुलाबासारखे, लहान, गुलाबी, आणि वास असा की सईनं कानातले हेडफोन काढले.

शुक्रवारी दुपारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, युसूफच्या जुन्या घरी. अवि पुरुषांच्या बैठकीत गेला, आम्ही दोघी आत. आत सामानाची खोकी रचलेली. मधे जमिनीवर एक बुटका लाकडी पाट आणि त्यामागे सुती रुमाल बांधलेली, मुठीएवढी म्हातारी. तिला सगळे आनाय म्हणतात, त्यांच्याकडे आजीला तसंच म्हणायची रीत. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. आधी हात पाहिले.

हिबा इंग्रजी छान बोलते, तिनंच आमच्यामधे दुभाष्याचं काम केलं. तिनं आम्हाला खोल, झाकणाच्या पेल्यातून चहा दिला. खाली बशी, मधे पेला, वर झाकण. आत चहापत्ती, खडीसाखर, बेदाणे, खजूर आणि ताइफच्या गुलाबाची कळी. झाकणानंच पानं बाजूला सारत प्यायचा. आनायच्या आईच्या काळात यात तिकडची फळं असायची, ती इथे मिळेनात, मग गुलाब आला. मी म्हटलं, आम्ही बंबईकडचे. आनाय एकदम बोलू लागली. त्यांचं जहाज बंबईहून सुटलं होतं. तिथे तिनं आयुष्यातलं पहिलं केळं खाल्लं, सालासकट, कारण सोलायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यावर मी इतकी हसले की पुढचा संकोच सगळा गेला.

मग तिनं एकेक वस्तू दाखवली. वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायचा, लांब चोचीचा तांब्या. झिजून अर्ध्यावर आलेला सुरा. एक निळ्या नक्षीचा वाडगा, प्रवासात दुभंगलेला, त्याला कुणा कारागिरानं धातूचे बारीक टाके घातलेले. त्यात मी पाणी ओतून पाहिलं, थेंब गळला नाही. आणि शेवटी लाटणं. आपल्या लाटण्याहून बारीक, वीतभरापेक्षा थोडं मोठं, आनायच्या आईच्या आणि आनायच्या हातांनी काळंभोर गुळगुळीत झालेलं.

"माझ्या आईनं ते बाहीत घालून आणलं," आनाय म्हणाली. "सोनं लपवायला बाही पुरली नसती. आमच्याकडे नव्हतंही. पण कुठल्याही गावात पीठ मिळालं की आम्ही घरचं जेवायचो."

हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली की मीसुद्धा नकळत सरळ बसले.

हिबानं हे भाषांतर केलं खरं, पण पडलेल्या आवाजात. मी तिला विचारलं, तू का नाही म्हणतेस? ती म्हणाली, "खाला, मी इथे जन्मले. माझी आई इथे जन्मली. तरी शाळेत दर वर्षी नवी बाई विचारायची, तू मूळची कुठली? सासरी मला ताइफची मुलगी म्हणून जायचंय. पहिल्याच दिवशी हे सगळं मांडलं की पुन्हा तेच सुरू." सई होकारार्थी मान हलवत होती. रियाधच्या शाळेत तिच्या डब्यातल्या भाकरीकडे बघून कोण काय म्हणतं, ते तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

मग आम्ही मंतू करायला बसलो, म्हणजे त्यांचे मटणाचे मोदकच. आनायनं कणकेची गोळी घेतली, डाव्या हातानं कड धरून फिरवत, उजव्या हातानं लाटणं नुसतं काठावर चालवलं. पारी कडेला पातळ, मधे जाड. तळाला सारणाचं वजन पेलायला हवं ना. आत मटण-कांदा, वर कळ्या, तोंड किंचित उघडं ठेवायचं. मी कळ्या घातल्या. आता स्वतःची स्तुती करू नये असं म्हणतात, पण माझ्या कळ्या सुरेख होतात आणि त्या दिवशी तर झाल्याच. आनायनं घरातल्या बायकांना बोलावून दाखवल्या. सवयीनं मी प्रत्येकाचं तोंड मोदकासारखं टोकदार मिटवत होते, आणि ती प्रत्येक वेळी करंगळीनं ते परत उघडत होती.

आणि इथे मी माती खाल्ली. आपल्याकडे पाहुण्यानं वस्तूची तारीफ केली की यजमान खूश होतात आणि विषय संपतो. मी ते लाटणं हातात घेऊन माझ्या तोडक्यामोडक्या अरबीत "जमील, वल्ला जमील", म्हणजे सुंदर, खरंच सुंदर, चालवलं होतं. एकदा नाही, येता-जाता. आनाय उठली, स्वच्छ फडक्यात लाटणं गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"आनाय म्हणते, ते तुमचं झालं," हिबा म्हणाली.

मी नको म्हटलं. पुन्हा म्हटलं. हात जोडले. युसूफची आई हळूच म्हणाली, "घ्या. पाहुण्याला आवडलेली वस्तू आम्ही ठेवून घेत नाही. नाकारलंत तर तिचा अपमान होईल." आनायच्या चेहऱ्यावर ना राग होता ना दुःख. मंतू वाफवून झाले, आम्ही जेवलो, चव अजून जिभेवर आहे, पण हिबानं एकही खाल्ला नाही.

गाडीत अविनं सगळं ऐकलं आणि नेहमीप्रमाणे एकच वाक्य बोलला, "तुला गप्प बसायला काय होतं?" मी चिडून म्हटलं की कौतुक करणं हा गुन्हा नाही. पण फ्लॅटवर ते फडकं उघडायची माझी हिंमत झाली नाही. कुणाच्या आईनं बाहीतून आणलेलं लाटणं माझ्या बॅगेत, साबणाच्या डबीशेजारी. मला लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी निरोप घ्यायला पुन्हा त्यांच्या दारात थांबलो. लाटणं परत कसं द्यायचं याची जुळवाजुळव मी मनात करतच होते, तोवर हिबाच बाहेर आली. रात्रभर रडल्यासारखे डोळे.

"खाला, तुमच्या घरी लाटणं आहे?"

"आहे की. दोन आहेत."

"मग या लाटण्यानं काय कराल?"

मी खरं तेच सांगितलं. "पुऱ्या लाटीन."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या आजीला शिवी दिली. "ते पुऱ्यांसाठी नाही. आमची पारी मधे जाड असते. तुम्ही सगळीकडे सारखं लाटाल. आमचं लाटणं वाया जाईल."

काल दिवसभरात ही मुलगी एकदाही "आमचं" म्हणाली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला होता, पण मी चेहरा तसाच ठेवला. म्हटलं, "तुला नको होतं ना?"

"सासूबाईंनी विचारलं कुठलं, तर सांगेन कुठलं ते," हिबा म्हणाली आणि हात पुढे केला. "ताइफचं आहे. साठ वर्षांच्या वर ताइफमधेच तर आहे."

मी फडक्यासकट ते तिच्या हातात ठेवलं. आत जमिनीवर बसून आनाय चहा पीत होती. तिनं आमच्याकडे बघितलं नाही. झाकणानं गुलाबाची पाकळी बाजूला सारली आणि एक लांब घोट घेतला. त्या म्हातारीनं हे सगळं ठरवून केलं का, हे मी युसूफला नंतर विचारलं. तो म्हणाला, "ती आम्हाला कधीच काही सांगत नाही."

परतीचा रस्ता तोच, सरळ आणि लांब. सई मागच्या सीटवर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग अचानक म्हणाली, "आई, आपलं पोळपाट-लाटणं कुठून आणलंय?" मी म्हटलं, आजीनं दिलं, चिपळूणच्या बाजारातलं आहे. "ओके," म्हणाली, आणि हेडफोन घातले.

लाडवांचा डबा गडबडीत त्यांच्याकडेच राहिला होता. सासूबाईंच्या नावाचा, म्हणून चुटपुट लागली होती. पावसाळ्याच्या सुमारास, म्हणजे आपल्या देशात पावसाळा, इकडे नुसता धुरळा, हिबाचं लग्न झालं. त्यानंतर एकदा युसूफ जेद्दाहून परतला तेव्हा अविच्या हाती त्यानं तो डबा दिला, बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेला. रिकामा नव्हता. आत कच्चे मंतू होते, हिबानं सासरच्या ओट्यावर केलेले. कळ्या वेड्यावाकड्या, दोनचार फाटलेल्या. आनाय शेजारी असती तर ओरडली असती. अगदी मधे ठेवलेल्या एकाचं तोंड मात्र मोदकासारखं टोकदार मिटवलं होतं.

मी मोदकपात्र काढलं आणि सगळे वाफवले. टोकदार कोणाचा यावर काही चर्चा झाली नाही, सईनं तो सरळ उचलून माझ्या ताटात ठेवला. मी तो मोडून आधी पारी पाहिली. कडेला पातळ होती, मधे जाड.