क्लॅरिनेटमधला गांजा

चहा घ्या आधी. पुढचं ऐकल्यावर माझ्या घरचं काही प्यावं की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल. अहो, मी सुपारीसुद्धा खात नाही. आणि आज मोरिवलीत माझी ओळख काय, तर 'गांजावाले मामा'. ही पदवी मला कुणी चिकटवलेली नाही, माझी मीच कमावली आहे.

मी उल्हासनगरला कॉलेजात इंग्रजी शिकवतो, राहतो चिखलोलीला. नाद एकच, जुन्या अमेरिकन गाण्यांचा. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडच्या कृष्णवर्णीय कलावंतांनी जॅझ आणि ब्लूज म्हणून जे करून ठेवलंय, त्यावर माझा जीव आहे. त्यातही एक खास दालन आहे गांजाच्या गाण्यांचं. खोटं नाही सांगत, ढीगभर गाणी आहेत. कुणी गांजा आणणाऱ्याची वाट बघतंय, कुणी संपला म्हणून हळहळतंय, कुणाला एका झुरक्यात आपण शहराचे राजे झाल्यासारखं वाटतंय. ज्या हॉटेलात वाजवायचं त्याच्या पुढच्या दारानं आत जायची बंदी असलेली ही माणसं, आणि गाण्यात बघावं तर नुसता मिश्कीलपणा! पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून गांजाला नावं तरी किती ठेवावीत? मला हात जोडावेसे वाटतात. गांजाला नव्हे, गाण्याला. हे वाक्य हल्ली मला फार वेळा बोलावं लागतं.

तर आमच्या वाचनालयात मी यावर व्याख्यान ठरवलं. नुसतं बोलून काय कळणार, म्हणून एक चाल वाजवून दाखवायला पांडुमास्तरांना गाठलं. मास्तरांचा उल्हासनगरात लग्नाचा बँड आहे. लाल कोट, सोनेरी झालर, हातात क्लॅरिनेट आणि गळ्यात तुळशीची माळ. पानाला न शिवणारा माणूस. मोबाइलवर गाणं लावलं तर डोळे मिटून तीनदा ऐकलं आणि म्हणाले, "सर, हा माणूस घाईत नाय. सूर मागे राहतो, पण उशीर होत नाय."

बघा! वीस वर्षं पुस्तकं वाचून मला जे धड सांगता आलं नाही, ते या माणसानं दोन वाक्यांत सांगून टाकलं.

"कशावर आहे सर हे गाणं?"

माझी नजर माळेवर गेली आणि जीभ अडखळली. "सुखावर आहे," मी म्हणालो.

चार दिवसांत मास्तरांनी ती चाल अशी बसवली की मूळ वाजवणाऱ्यानं येऊन पाठ थोपटावी. व्याख्यान मात्र झालंच नाही. विषय वाचून वाचनालयाचे अध्यक्ष "पुढे बघू" म्हणाले, म्हणजे काय ते समजा. पण चाल मास्तरांच्या बोटांत राहून गेलीय, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

महिन्याभरानं मोरिवलीत माझ्या भाचीचा, सायलीचा साखरपुडा होता. बँड अर्थात मीच ठरवलेला. सायलीनं लग्न स्वतः जमवलेलं, आणि दोन्ही घरांनी कसंबसं मान्य केलेलं. मुलाचे वडील म्हात्रेसाहेब, पोलीस खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. खात्यात काम काय करायचे? गांजा पकडायचे.

ताईनं सकाळीच मला बाजूला घेतलं. "भाऊ, तुझी जीभ आज आवर. म्हात्र्यांना शिस्तीची मानसा लागतात. काय वाकडा झाला ना, तर पोर जल्मात मना तोंड दाखवाची नाय."

मंडळी आली. बँडनं दोन नेहमीची गाणी वाजवली, आणि तिसरं सुरू केलं. तेच. घाईत नसलेलं.

म्हात्रेसाहेब मांडवाच्या दारातच थांबले, मान हलवायला लागले. झालं, ओळखलं यांनी! माणूस दाद देत नाही, पुरावा गोळा करतोय, असंच मला वाटलं. मी मास्तरांकडे बघून दोन्ही हात जोरजोरात हलवले. बंद करा, बंद करा. मास्तरांना वाटलं, सर रंगात आलेत. त्यांनी ट्रम्पेटवाल्यालाही खूण केली.

म्हात्रेसाहेब माझ्याजवळ आले. "मामा, हे कुठलं गाणं हो? एकदम वेगळंच."

"भक्तिगीत आहे," मी म्हणालो. कुठून आलं तोंडात देव जाणे. "इंग्लिश भक्तिगीत."

"असं? मग लग्नाच्या दिवशी वरात शंकराच्या देवळापाशी आली की तिथं हेच वाजवायचं. आपल्या खात्यातले सगळे साहेब लोक येणार आहेत."

माझ्या डोळ्यांपुढे देऊळ आलं, साहेबांची रांग आली आणि सायलीचा चेहरा आला. महादेवाची काही हरकत नसती, हे मला आज सुचतंय. तेव्हा कुठलं सुचायला? मी साहेबांना दंडाला धरून पाण्याच्या पिंपाआड नेलं. "साहेब, माफ करा. भक्तिगीत नाही ते. गांजाचं गाणं आहे."

"गांजाचं? ते कसं काय?" शिकवणाऱ्या माणसाला कुणी प्रश्न विचारला की तो बोलत सुटतो. वाचनालयात अडकलेलं माझं अख्खं व्याख्यान बाहेर पडलं. ते कलावंत, ती मागची दारं, ती टोपणनावं. बँडचा आवाज मोठा, म्हणून माझाही चढत गेला. आणि नेमका बँड थांबला तेव्हा सगळ्या मांडवाला माझं वाक्य स्वच्छ ऐकू आलं, "त्या एका झुरक्यात जे सुख आहे ना साहेब, ते कशातच नाही!"

ताईनं कपाळाला हात लावला. सायली माझ्याकडे बघेना.

म्हात्रेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मामा, तीस वर्षं मी लोकांचे खिसे तपासले. आपणहून येऊन जबाब देणारे तुम्ही पहिलेच." मग विचारलं, "मास्तर वाजवतात त्यात शब्द आहेत का कुठं?"

"नाहीत."

"मग बिनशब्दाच्या गाण्याला मी कलम कुठलं लावू? तुमच्याशिवाय कुणाला कळलं असतं हे?" आणि हा कडक माणूस पोट धरून हसायला लागला. "मास्तर, परत होऊ द्या तेच."

मी मास्तरांपुढे खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी माळ चाचपली, क्षणभर विचार केला. "तरीच सर," ते म्हणाले, "तरीच तो घाईत नव्हता." आणि क्लॅरिनेट ओठाला लावलं.

खरं सांगतो, तेव्हा मला भरून आलं. ज्यांना पुढच्या दारातून कुणी आत घेत नव्हतं, त्यांची चाल मोरिवलीत मांडवाच्या पुढच्या दारात वाजत होती, एक माळकरी वाजवत होता आणि गांजा पकडणारा पोलीस तिच्यावर नाचत होता. सायलीसुद्धा शेवटी हसली.

लग्न थाटात झालं. महाशिवरात्रीला म्हात्र्यांकडून फराळाचं बोलावणं आलं. सगळ्यांच्या हातात थंडाईचे, म्हणजे प्रसादापुरती भांग घातलेल्या दुधाचे, पेले दिले गेले. माझ्यापुढे मात्र विहीणबाईंनी साधं दूध ठेवलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "मामा, तुमाला ती नको. सोडताव ना आता? सुटल, हलूहलू सुटल."

काय सांगणार त्या माउलीला? दूध प्यायलो. अजिबात घाई न करता.