घोडीमागची मोटार

कुठलीही वस्तू विकत घ्यायची झाली, की आप्पा आधी तिच्या पाठीवर तळहात टेकवत. पाठ नसली तर जिथे ती असावी असं त्यांना वाटे, तिथे. पाटसला फ्रीज घ्यायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. फ्रीजच्या माथ्यावर हात ठेवून ते दुकानदाराला म्हणाले, "कुठं पळालाय?"

दुकानदार म्हणाला, नवाकोरा आहे, कालच खोक्यातून काढला. आप्पांचा चेहरा उतरला. जे कधी कुठे पळालंच नाही त्याचा भरवसा काय धरायचा? फ्रीज घरी आला, कारण माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तो ठरवून ठेवला होता. पण आप्पांनी पुढे कधी त्याच्याकडे आदराने पाहिलं नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. जगातल्या सगळ्या गोष्टी त्याला एकाच मापाने मोजता येतात, आणि आपल्याकडे दहा मापं असून आपलं नेमकं चुकतं.

मी शिरूरला विम्याचं काम करतो. ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकली. चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कागद पुढे सरकवत नाही. त्यामुळे धंदा बेताचा चालतो आणि झोप चांगली लागते. आप्पा राहू गावचे बागायतदार. त्यांच्या ट्रॅक्टरचा विमा माझ्याकडे, म्हणून ओळख. ट्रॅक्टर चालवायला माणूस ठेवलेला होता. स्वतः आप्पांना सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य बैलगाड्याच्या शर्यतीत गेलेलं, आणि आमच्याकडच्या शर्यतीत गाडा कुणी चालवत नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चढाचा मातीचा रस्ता, त्याला घाट म्हणतात. खाली बैल जुंपायचे, त्यांच्यापुढे एक स्वार घोडी पळवतो, आणि बैल सोडून द्यायचे. ते घोडीमागे आपले आपण वर जातात. ही झाली एक बारी. गुलाल मालकाच्या अंगावर पडतो, नाव बैलाचं होतं. मधे हाकणारा कुणी नाही. त्यामुळे आप्पांचं पक्कं मत होतं, की पळणं पळणाऱ्याच्या अंगात असतं. माणसाचं काम त्याला सोडण्यापुरतं.

मग शर्यतींवर बंदी आली. आप्पांच्या दावणीला दोन बैल होते, दोघेही नाव काढलेले. शर्यतीच्या बैलाला औताला जुंपत नाहीत आणि म्हातारा झाला म्हणून विकतही नाहीत. तो दावणीतच राहतो. तेव्हा ते दोघं खात होते, आणि आप्पा त्यांच्यासमोर बाजेवर बसून होते. अधूनमधून ते रिकाम्या घाटावर जाऊन चढ चालून येत. कशाला गेला होता म्हणून विचारलं तर म्हणत, "गवत बघाया."

अशा दिवसांत माझ्या तोंडून एक गोष्ट निघाली. तळेगाव ढमढेऱ्याला एक निवृत्त साहेब राहत. एके काळचे मोटार शर्यतींमधले चालक. पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये त्यांची शर्यतीची जुनी गाडी उभी होती. तिचा विमा उतरवता येईल का, असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी नाही म्हणालो होतो. कारण तिला नोंदणी नव्हती, नंबरप्लेट नव्हती, दिवे नव्हते, टप नव्हता. बसायला एकच जागा, तीही अर्धवट. हे सगळं मी आप्पांना नवल म्हणून सांगितलं. आप्पांनी त्यातलं एकच ऐकलं.

"पळालेली हाय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही शेडमध्ये होतो. गाडी म्हणजे चार चाकांमध्ये आडवी टाकलेली पत्र्याची नळकांडी. उंची माझ्या कमरेइतकी. लाल रंग उडालेला, अंगावर पोचे. आप्पांनी पाठीवर हात ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. साहेबांकडे त्याआधी पुष्कळ लोक येऊन गेले होते. कुणी किंमत विचारली होती, कुणी ॲव्हरेज. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते आत जाऊन फोटो आणि चषक घेऊन आले. मद्रासकडच्या आणि कलकत्त्याच्या विमानांच्या जुन्या धावपट्ट्यांवरच्या शर्यती, डोंगरातल्या चढाच्या शर्यती. दोन ठिकाणी पहिला नंबर. आप्पा एखाद्या खोंडाची वंशावळ ऐकावी तसे मान हलवत ऐकत होते.

"आन् आत कोण बसायचं?"

"मी. मीच चालवायचो."

"व्हय व्हय," आप्पा समजुतीने म्हणाले. "बसायला कुणीतरी लागतंच."

साहेबांचा चषक पुसणारा हात थांबला. मला वाटलं, सौदा इथेच संपला. पण माणूस मोठा होता. ते म्हणाले, मुंबईचा एक हॉटेलवाला आप्पा देऊ म्हणाले त्याच्या दुप्पट किंमत द्यायला तयार आहे, पण तो गाडी भिंतीवर टांगणार आहे. "मला ती एकदा पळताना बघायचीय. दिवाळीपर्यंत थांबतो. तोवर चढावर एकदा पळवलीत, तर तुमची. नाहीतर जाऊ दे भिंतीवर."

"पळंल की," आप्पा म्हणाले. पळवीन असं ते म्हणाले नाहीत. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

परत येताना जीपमध्ये मी त्यांना गाडीतल्या उणिवा एकेक करून सांगितल्या. दिव्यांपाशी आलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "बैलाला दिवं असत्यात का?" घरी माईंनी साहेबांनी दिलेला गाडीचा फोटो पाहिला, एकच सीट पाहिली आणि विचारलं, एकट्यानंच कुठं जायचं ठरवलंय का. आप्पांचा जीव त्या गाडीत अडकला होता. रिकाम्या घाटाकडे बघून जी वर्षं गेली होती, ती परत यायला त्यांना दुसरी वाटच दिसत नव्हती.

प्रश्न होता, पळवायची कुठे. रस्त्यावर आणता येईना; ते मीच बजावलं होतं. मोटार शर्यती भरवणाऱ्यांना साहेबांनी फोन केले. त्यांनी परवाने सांगितले, वैद्यकीय दाखले सांगितले, आणि गाडीचं साल ऐकल्यावर नमस्कार सांगितला. आप्पा शांत होते. चढ हवाय ना? मग घाट कशाला आहे?

साहेबांनी स्वतः इंजिन उघडलं. सायलेन्सरमधून कोंबड्यांची पिसं निघाली. दोन दिवस ते नुसतं खोकत होतं, तिसऱ्या दिवशी असं गरजलं की शेजारच्या वस्तीवरची म्हैस दावं तोडून गेली. दिवाळीच्या आधी, गवत कापून झाल्यावर, एका सकाळी गाडी ट्रॉलीतून घाटावर आली. मी पोचलो तर खाली घोडी उभी. वर स्वार, तयार.

"आप्पा, घोडी कशाला?"

"म्होरं कुणी नगं का? कुणाच्या मागं पळंल ती?"

साहेबांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी घोडीकडे पाहिलं.

साहेब कातडी हातमोजे घालून आले होते. जुनं हेल्मेटही आणलं होतं. त्यांनी एक पाय आत टाकला. दुसरा गुडघा वाकेना. बाहेर आले, दुसऱ्या बाजूने गेले. तिथेही तेच. ज्या जागेत ते उमेदीची सगळी वर्षं बसले होते, तिथे त्यांचा गुडघा मावत नव्हता. हसलं कोणी नाही. त्यांनी हातमोजे काढले आणि म्हणाले, झालं तर मग, हॉटेलवाल्याला कळवतो.

आप्पांना यात अडचण काय आहे तेच समजेना. "पळायचं तिला हाय. तुमी कशाला दमता? दुसरं कुणी बसवा."

ट्रॅक्टरवाला अंगाने आडवा. स्वार घोडीवर. आप्पांना क्लच म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. मी शिडशिडीत आहे. तोवर त्याचा मला कधी तोटा झाला नव्हता.

मी म्हणालो, आप्पा, हिला विमा नाही. आप्पा म्हणाले, विमा न्हाई तर न्हाई, इचारतंय कोण. विचारणारा त्याच वेळी मोटारसायकलवरून आला.

हवालदाराला खबर लागली होती, की घाटावर घोडी आली आहे. घोडी म्हणजे शर्यत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. "बैल कुठं लपिवलेत, आप्पा?"

"घरी हायेत. म्हातारी झाली ती."

"मग घोडी कुणासाठी?"

आप्पांनी गाडीकडे बोट केलं. हवालदार गाडीभोवती एक फेरी मारून आला. वाकून खालीही पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, तुम्ही कागदपत्रांतलं माणूस, खरं सांगा, ही शर्यत आहे का. मी विचार केला. खोटं बोलायची मला सवय नाही. म्हणालो, शर्यतीला निदान दोन लागतात, ही एकटी आहे. त्याला ते पटलं असावं. त्याने मोटारसायकल लिंबाखाली लावली आणि घाटाकडे पाठ करून बसला. बारी सुटली तेव्हा मात्र त्याचं तोंड आमच्याकडे होतं.

साहेबांनी मला क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर ही पायाखालची तीन दांडकी समजावली. माझ्या गाडीचा काटा मी कधी पन्नासपुढे जाऊ दिलेला नाही. इथे काटा वेगाचा नव्हताच; इंजिनाच्या फेऱ्यांचा होता, आणि त्याचा मला उपयोग नव्हता. आप्पांनी गाडीच्या पाठीवर थाप मारली. मला वाटतं, ती मला नव्हती.

पुढचं मला सलग आठवत नाही. क्लच सुटला. पाय एका जागी जो बसला तो उचलायचं सुचलं नाही. मागे असा आवाज झाला की पुढची घोडी कान पाडून सुटली. बैलांपुढे ती अनेक वर्षं पळाली होती. त्या दिवशी जिवाच्या भीतीने पळाली. स्टिअरिंगचं चाक हातात उड्या मारत होतं. मी फक्त घोडीच्या शेपटीकडे बघत होतो, कारण तेवढंच दिसत होतं. चढ संपला, पुढे नांगरट लागली, चाकं मातीत रुतली आणि इंजिन आपोआप बंद पडलं.

खाली आप्पा गुलाल उधळत होते. हवालदाराच्या टोपीवरही तो पडला होता आणि झटकण्याची त्याला घाई नव्हती. साहेब तशाच गुडघ्यांनी सबंध घाट चढून वर आले. धाप लागली होती.

"गिअर बदलला नाहीत तुम्ही."

"नाही."

"ब्रेक?"

"तो कुठला ते विसरलो होतो."

"मग केलंत काय?"

"बसलो होतो," मी म्हणालो.

साहेब गाडीकडे बघत उभे राहिले. तोवर मागून आप्पा पोचले होते. साहेब त्यांच्याकडे वळले. "न्या तिला, आप्पा. मी उगीच इतकी वर्षं दमलो."

यात टोमणा किती होता, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. आप्पांनी तो घेतला नाही. त्यांनी साहेबांच्या कपाळाला गुलाल लावला. माझ्या वाट्याला नारळ आला.

गाडी राहूला आली आणि दोन बैलांशेजारी गोठ्यात उभी राहिली. परत ती एकदाही पळाली नाही. मी एकदा छेडलं, एवढी खटपट करून घेतली आणि आता नुसती उभी? आप्पा म्हणाले, "तिचं काय ऱ्हायलंय आता?" गुलाल त्यांनी धुऊ दिला नाही. साहेब बाजाराच्या दिवशी जीपने येत. दोघं गोठ्यासमोर बसत. साहेब इंजिनाबद्दल बोलत, आप्पा बैलांबद्दल. माईंनी आणून ठेवलेला चहा निवून जाई. त्यांचा एकमेकांशी कधी वाद झाला नाही, कारण एकमेकांचं कुणी ऐकतच नव्हतं.

बंदी उठली. पहिल्या यात्रेला आप्पा गेले, बैलांशिवाय. सगळ्या बाऱ्या पाहिल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. थोड्याशा तापाने, कुणाला फारसा त्रास न देता.

गेल्या महिन्यात ट्रॅक्टरचा कागद घेऊन राहूला गेलो, तर अंगणात मोठी गाडी उभी. मुंबईचा हॉटेलवाला आला होता. आप्पांच्या मुलाने मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, रक्कम चांगली आहे, पण आई ऐकत नाही, तुम्ही समजावा. हॉटेलवाला तोवर गुलालावर नख फिरवून बघत होता आणि हे निघेल ना, असं विचारत होता.

माई पदर खोचून गोठ्यातून बाहेर आल्या. त्याला म्हणाल्या, "च्या घ्या आन् निघा. पळालेलं दावणीतनं द्यायचं नसतं."

मी हळूच म्हणालो, "माई, ते जनावर नाही."

"मला दिसतंय की," त्या म्हणाल्या. "तुमी या हिकडं. उन्हात काढायची हाय तिला, पावसाळाभर दमट झालीय. तुमाला येती ना?"

मी म्हणालो, मला येत नाही, एकदा बसलो होतो एवढंच.

"मग धरा नुसतं."

मी बाहेरूनच वाकून स्टिअरिंग धरलं. माईंनी मागून रेटा दिला. चाकं आखडली होती. कुरकुरली आणि फिरली. दोन बैलांपैकी एक उरला आहे. तो दारात आडवा बसला होता. आम्हाला येताना पाहून तो सावकाश उठला, भिंतीला सरकला, आणि गाडी बाहेर जाईपर्यंत तसाच उभा राहिला.